वासूने मोडलेला शब्द

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी दाढीला साबण लावून उभा होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फक्त दवाखान्यातल्या लिफ्टचा आवाज येत राहिला. नागपूरला तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या, वासूच्या हृदयाची झडप बदलून तीन दिवस झाले होते. चौथा दिवस त्याला मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या फूलबाजारात शोकसभा झाली. गेलेला माणूस फुलवाला, त्यामुळे हारांची कमतरता नव्हती. एक वक्ते म्हणाले, वासुदेवराव आयुष्यात कोणापुढे वाकले नाहीत. हे अक्षरशः खरं होतं. कित्येक वर्षं त्याला खाली पडलेली सुतळीदेखील उचलता येत नव्हती. दोन पुढाऱ्यांनी तर, हा आपल्याला वाकून नमस्कार करत नाही म्हणून, त्याला माजोरडा ठरवून हारवाला बदलला होता. तेही सभेला होते, आणि हुंदका आवरून बोलले.

आम्ही अकोल्याला कॉलेजात बरोबर होतो. पुढे मी अमरावतीत ग्रंथपाल झालो, आणि तो बाळापूर रस्त्यावरच्या वडिलांच्या मळ्यात आणि बाजारातल्या दुकानात परतला. घरातले सगळे झेंडूत हात घालणारे, त्यामुळे कपड्यावरचा कोणताही डाग झेंडूचाच, हे त्या घरात ठरून गेलेलं होतं. तान्हेपणी त्याची दुपटी तपकिरी पडत. माय म्हणे, फुलांच्या टोपल्याशेजारी निजवते ना, त्याचा डाग. मोठेपणी बनियनच्या बगला काळसर होऊ लागल्या, तोही झेंडू. चाळिशीत कंबर धरली, तर ते दिवसभर बसून हार गुंफण्याचं फळ. कानांवर निळसर झाक आली तेव्हा मात्र झेंडू कामाला येईना, मग थंडीने होत असेल असं ठरलं. अकोल्यात, मे महिन्यात.

शेवटी मी त्याला अमरावतीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाठीच्या फोटोत मणक्यांमधल्या चकत्या वाळून चुना झाल्यासारख्या दिसत होत्या. बाईंनी फोटो बाजूला ठेवला, त्याचे कान पाहिले, डोळ्यांच्या पांढऱ्यातले तपकिरी ठिपके पाहिले आणि विचारलं, "काका, लघवी ठेवून दिली तर काळी पडते का?" वासू म्हणाला, "ताई, लघवी कोन ठेवून देते?" बाटली खिडकीत ठेवली गेली. सकाळी साधी पिवळी होती, दुपारी चहासारखी झाली, संध्याकाळी डांबरासारखी. वासू तिच्याकडे पाहत राहिला आणि मला म्हणाला, "साठ वर्सं बिचाऱ्या झेंडूले बदनाम केलं आपन."

बाईंनी समजावलं ते असं. खाण्यातल्या प्रथिनांमधला एक पदार्थ याच्या शरीराला पुरता पचवता येत नाही. तो कूर्चांमध्ये, मणक्यांत, हृदयाच्या झडपांत साचतो आणि त्यांना काळं, ठिसूळ करतो. झालेली झीज परत भरून येत नाही. दोष आईकडून आणि वडिलांकडून, असा दोन्हीकडून आला तरच रोग होतो. एकीकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, पण पुढे देऊ शकतो. "आई-वडील नात्यातले होते का?" वासू हसला. त्याच्या बापाने मामाची पोरगी केली होती, आमच्याकडे करतात तशी. मग तो हसायचा थांबला. मला कारण ठाऊक होतं. पल्लवीच्या बारशालाच त्याने अचलपूरच्या थोरल्या बहिणीला शब्द दिला होता, की ही पोरगी तुझ्या सचिनची. त्या दिवाळीनंतर सुपारी फुटायची होती. पोरांनाही ते मान्य होतं, किंवा लहानपणापासून इतकं ऐकलेलं होतं, की वेगळं काही मानायचं राहूनच गेलं होतं. पल्लवीकडे दोष वासूकडून आलेलाच होता. सचिनकडेही असला, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हाच रोग होण्याची शक्यता चारांत एक. सचिनचं रक्त तपासल्याशिवाय लग्न करू नका, एवढंच डॉक्टरीणबाईंचं म्हणणं.

हे फोनवर सांगायचं नाही, असं वासूने ठरवलं. अकोट, अंजनगाव करत आम्ही एसटीने अचलपूरला गेलो. बसलं की पाठ पेटायची म्हणून तो बहुतेक वाट उभाच होता. कंडक्टरने तीनदा बसायला सांगितलं. मी सोबत का, तर साक्षीला. बहिणीला तो बाई म्हणायचा. बाईंनी आम्हाला पोहे दिले आणि सुपारीच्या तारखा काढल्या. वासूने सगळं सांगितलं, बाटलीसकट. सचिन दाराशी उभा राहून ऐकत होता.

"माह्या पोरात काय खोट हाय?" बाईंनी विचारलं.

"खोट माह्यात हाय, बाई. तपासून पाहाले काय जाते?"

"मंग तू जगला ना साठ वर्सं? तुले झालं, मले काहून नाही झालं?"

"तुह्यात लपून असन."

बाईंनी दाराशी उभ्या सचिनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गावात कळलं, का याचं रक्त तपासून राहिले, तर याले पोरगी कोन देईन? तू तुही पोरगी काढून घे. शब्द मोडाचा हाय, तर सरळ मोड. रोगाचं निमित्त नोको करू."

"मोडला मंग," वासू म्हणाला.

इतक्या वेळात तेवढंच तो मोठ्याने बोलला. पोहे तसेच राहिले... परतीच्या गाडीत तो बसला, पूर्ण वाट, दात आवळून. मी उभं राहा म्हटलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष बाईंनी ना राखी पाठवली, ना फोन घेतला. पल्लवी बापावर चिडली होती, मग सावरली, मग बापासोबत दुकानात उभी राहू लागली. नागपूरला ऑपरेशन ठरलं तेव्हा वासूने अचलपूरला निरोप धाडला. उत्तर आलं नाही. तेराव्याला बाई आल्या, मागे बसल्या आणि न जेवता निघून गेल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी पल्लवीला सांगितलेली गोष्ट मी तिथेच त्यांच्या कानावर घातली होती. काढलेली झडप कोळशासारखी काळी निघाली होती. बरं केलं की वाईट, ठाऊक नाही.

मागच्या रविवारी मी अकोल्याला दुकानात गेलो, तर बाई आधीच आलेल्या. सचिन बाहेर मोटारसायकलवर. आदल्या दिवशी मायलेकांनी अमरावतीला जाऊन रक्त दिलं होतं, बाईंनी स्वतःचंही. "रिपोर्ट याले महिना लागते म्हने," त्या मला म्हणाल्या, आणि लगेच पल्लवीकडे न बघता, "काही आलं तरी पोरीनं ठरवाचं. मी काही बोलनार नाही."

पल्लवीने शेवंतीची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. दुकानाच्या लाकडी खांबाला तीन खिळे आहेत, एकाखाली एक. वाकता येईना तेव्हापासून वासू उभ्यानेच हार गुंफायचा, दोरा छातीच्या उंचीच्या खिळ्याला अडकवून. मणके झिजले, उंची कमी होत गेली, तसा खिळा दोनदा खाली आला. बाई मुळातच ठेंगण्या. त्यांनी वरच्या दोन खिळ्यांवरून हात फिरवला, दोरा सगळ्यात खालच्या खिळ्याला अडकवला आणि हार गुंफायला लागल्या. उंची बरोबर होती.