राजारामांच्या नळीचं दुसरं टोक

राजाराम रणपिसे यांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. परळच्या आमच्या इमारतीत आम्ही एकोणीस वर्षं समोरासमोर राहिलो आणि त्यांच्या पत्नीचं नाव कौसल्या होतं हे मला त्या गेल्यावर दारावर लावलेल्या कागदावरून कळलं. त्यांच्या मुलीने, दीपिकाने, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुस्तिकेसाठी मला दोन पानं लिहायला सांगितलं आहे. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. नळीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून जेवढं दिसलं, तेवढंच लिहितो.

राजाराम पाणीखात्यात चावीवाले होते. लांब लोखंडी चावीने रस्त्याखालचा व्हॉल्व फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. ते व्हॉल्व थोडा फिरवत, थांबत, पुन्हा थोडा फिरवत. "एकदम सोडलं की पाणी पाइप फोडतं," ते म्हणत. "पाण्याला चालवत न्यायचं, पळवायचं नाही."

निवृत्त झाल्यावर हीच गोष्ट त्यांनी शेताला लावायची ठरवली. वडूजच्या पुढे त्यांचा बावीस गुंठ्यांचा उताराचा माळ होता. खालच्या अंगाला दीपिकाने सीताफळ लावलं होतं. ठिबक, मल्चिंग, सगळं व्यवस्थित. पण वरची माती दर पावसाळ्यात ओढ्याला जात होती, जेमतेम वीतभर उरली होती. बांधाला बांध असलेला सुशांत म्हणत होता, मशीन लावा आणि माळ सपाट करा. दीपिकालाही ते पटत होतं. राजारामांचं म्हणणं, मशीनने माती खाली गाडली जाईल आणि मुरूम वर येईल. त्यापेक्षा उताराला आडवे चर खणू, अगदी एका पातळीत, म्हणजे पाणी तिथेच थांबून मुरेल. दीपिकाने त्यांना एक पावसाळा दिला. नाही जमलं तर मशीन.

"चांगली जमीन आमच्या वाट्याला कधी आली नाही, निकोलसराव," ते मला म्हणाले. "जी आली ती तरी का वाहू द्यायची?"

पातळी काढायला गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी त्यांनी आणली. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन काठ्यांना धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. पण दुसरं टोक धरायला माणूस लागतो.

"मला शेतातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"तुमच्या आजोबांचं इथे परळलाच भाताचं शेत होतं ना? मग तर रक्तात आहे."

"रक्तात साखर आहे."

"चालेल. उभंच तर राहायचंय."

गच्चीवर आम्ही तीन संध्याकाळी सराव केला. चालताना टोकावर अंगठा ठेवायचा, म्हणजे पाणी सांडत नाही. थांबल्यावर अंगठा काढायचा, म्हणजे पाणी आपली जागा घेतं. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये माळावर दोन रेघा नीट आखल्या. प्रत्येक वेळी अंगठा काढला की माझ्याकडून थोडं पाणी सांडायचं आणि राजाराम बाटलीतून ते पुन्हा भरायचे. तिसऱ्या रेघेला बाटलीत तळाशी थोडंच उरलं होतं. मी सार्वजनिक नळावर वाढलो. कळशीतून थेंब सांडला तर आई पाठीत धपाटा घालायची. मी अंगठा काढलाच नाही. नळीत पाणी जिथे होतं तिथे अडकून राहिलं आणि मी खूण वाचून "बरोबर" म्हणत गेलो.

चर खणले. सप्टेंबरात जोराचा पाऊस झाला आणि दीपिकाने व्हिडिओ पाठवला. तिसऱ्या चरातलं पाणी एका टोकाला धावलं होतं, तिथला भराव फुटला होता आणि माती सीताफळाच्या दोन ओळींवर बसली होती. राजारामांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला.

"मी मशीनवाल्याशी बोलते आहे, आप्पा," ती म्हणाली.

"दोन चर टिकले ना? म्हणजे पद्धत बरोबर आहे. तिसऱ्याचं माप माझं चुकलं. मशीन येण्याआधी मला दोन दिवस दे."

माप माझं चुकलं, असं ते म्हणाले. मी शेजारी बसून चहा पीत होतो. मी कप संपवला. या लेखात खोटं लिहायचं नाही म्हणून हे लिहितो आहे.

दीपिकाने मशीन तेवढ्यापुरतं थांबवलं. जानेवारीत ते दारात आले. "येता ना?" म्हणाले. एसटीत फलटण आल्यावर मी अंगठ्याचं सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "फुटलेल्या चरात उभा राहिलो तेव्हाच कळलं. रेघ खाली गेलेली तुमच्या बाजूला."

"मग मला परत का नेताय?"

"आता तुम्ही अंगठा काढणार म्हणून. दुसरा माणूस आणला तर तो नव्याने चुकेल."

माळावर त्यांनी या वेळी पाण्याचे दोन कॅन आणले होते. मी अंगठा काढला, पाणी मनगटावरून ओघळलं. "सांडू द्या," ते पलीकडून म्हणाले. सगळ्या रेघेभर मी सांडू दिलं.

तिसरा चर नव्या रेघेवर पुन्हा खणला. त्या पावसाळ्यात तिन्ही चर भरले आणि पाणी जागच्या जागी मुरलं. दीपिकाने मशीनवाल्याला नाही म्हणून कळवलं. दिवाळीनंतर सुशांतचा फोन आला, त्याच्याही उतारावर रेघा आखून हव्या होत्या. माझा गुडघा धरला होता, म्हणून राजाराम एकटेच निघाले, नवी लांब नळी घेऊन. काम झालं आणि चौथ्या दिवशी ते गावीच झोपेत गेले.

निघाले त्या सकाळी ते जिन्यात थांबले होते.

"जुनी नळी तुमच्याकडे आहे ना?"

"मोरीत, खिळ्याला."

"आत पाणी असेल अजून."

"कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो."

"घाला. एकदम ओतू नका."

"नाही," मी म्हणालो.