तळ्यात निवलेली बियर
भिजलेल्या ज्वारीला मोड आल्याचा वास आला, की मला आमचं तळं आठवतं. तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी तळ्यावर मासे धरायचो आणि हौस म्हणून घरी ज्वारीची बियर करायचो. कडूपणाला कडुलिंबाचा पाला, फसफसायला आंबलेल्या शिंदीच्या रसाचा गाळ. सासरे तिला घोड्याचं मूत म्हणायचे. त्यात परभणीचा उन्हाळा, बाटल्या घरातच फुटायच्या. शेवटी बायको कडाडली, “मासळी जित्ती ऱ्हावी म्हणून टोपलं पाण्यात बुडवता, आन् बाटल्या चुलीपाशी? आता एक जरी फुटली तर समदा पसारा उकिरड्यावर!” मी बाटल्या त्याच टोपल्यात भरून तळ्याच्या खोल, गार पाण्यात सोडल्या. आठवड्यानं सासऱ्यांसमोर टोपलं वर ओढलं, तर सगळ्या धडधाकट! बूच उडालं, फेस माझ्या कोपरापर्यंत ओघळला. सासऱ्यांनी घाईघाईनं हात पुढं केला, “आण की इकडं, जावईबापू!” पण पहिला पेला मी बायकोला दिला. तिनं पदराआड घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “लय कडू हाय,” म्हणाली. पेला मात्र परत दिला नाही. आता नातू फ्रिजातली बाटली आणतो, तेव्हा म्हातारी आधी आपला पेला पुढं सरकवते.