नानांचं उपोषण कोणी सोडवलं

माझ्या वडिलांनी राज्य सरकारच्या कर्जाविरुद्ध उपोषण केलं होतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसले होते. मार्चमधल्या एका रविवारी नानांचा फोन आला, "मी उद्यापासून नगरला कलेक्टर कचेरीसमोर बसतोय." मी म्हणाले, "नाना, ते कर्ज काय तुम्ही काढलंय का?" ते रागावले नाहीत. "माझ्या नावावर काढलंय, मला न विचारता," असं म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

नाना कोल्हारजवळच्या आमच्या गावात एकटे राहायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी नगरला शाळेत शिकवते, नवरा नोकरीसाठी पुण्याला असतो. नानांची सगळी नोकरी सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेला प्रत्येक कागद नोंदवून घ्यायचा, गेलेल्या प्रत्येक पत्रावर क्रमांक घालायचा. दुसरा कुणी असता तर कंटाळून गेला असता. नाना मात्र निवृत्त झाल्यावरही किराणा सामानाची यादी तारीख घालून लिहायचे.

निवृत्तीनंतर ते गावच्या वाचनालयात बसायला लागले. पगार नाही, पद नाही, सकाळी जाऊन कुलूप उघडायचं आणि वर्तमानपत्रं दोरीला लावायची. एका वर्षी वाचनालयाचं अनुदान आलं नाही. चौकशी केली तर उत्तर मिळालं, निधी उपलब्ध नाही. मग एकेक करून वर्तमानपत्रं बंद झाली. त्याच महिन्यात वाचनालयासमोरच्या मोकळ्या जागेत एका सरकारी योजनेचा भला मोठा फलक उभा राहिला, रात्रीही दिसावा म्हणून वर दिवे लावलेला. नाना वाचनालयाच्या पायरीवर बसून तो फलक बघत राहायचे. शेवटी जे एक वर्तमानपत्र चालू होतं त्यात राज्यावरच्या कर्जाची बातमी आली आणि शेजारच्या पानावर त्याच योजनेची पानभर जाहिरात. ती दोन्ही पानं त्यांनी कापून ठेवली.

त्यांच्या मागण्या दोनच होत्या. कर्ज काढून जाहिराती करू नयेत, आणि राज्यावर किती कर्ज आहे ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. निवेदन आठ दिवस आधी दिलेलं, त्याची पोच शिक्क्यासह घेतलेली. सगळं कसं नियमाने.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गेले तर नाना फुटपाथवर सतरंजी टाकून बसलेले. मागे कापडी फलक, अक्षर त्यांचंच, रेघ मारून काढलेलं. बरोबर कुणी नाही. वाचनालयातले दोघे सकाळी आले होते, फोटो काढून दुपारच्या एसटीने परत गेले. मला नानांची लाज वाटली. हे लिहायला जड जातंय, पण वाटली. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांमध्ये माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक असतील, ही भीती मला जास्त होती. मी पाच मिनिटं उभी राहिले, उन्हाची टोपी दिली आणि निघाले.

शेजारच्या मांडवात एक कुटुंब बसलं होतं. भावकीने त्यांच्या शेताचा रस्ता अडवला होता. त्यातली बाई नानांना पाणी आणून द्यायची. मंगळवारी मी रजा काढून गेले होते. दुपारी गाडी आली, साहेब उतरले, पत्र वाचून दाखवलं, रसाचे ग्लास आले, टाळ्या झाल्या. मांडव सोडताना ती बाई माझ्याजवळ आली.

"बाई, आमाला लेखी भेटलं. आमचं रस्त्याचं हुतं, त्याचा साहेब हाय. तुमच्या नानांचा साहेब कोन?"

खरंच कोण होता? राज्याच्या कर्जाचा साहेब नगरमध्ये कुठून असणार? मी कचेरीत गेले. तिथले अधिकारी भले होते, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "ताई, निवेदन आम्ही वर पाठवलंय. पण विषय शासन स्तरावरचा आहे. मी कुठलं आश्वासन देऊ? माझ्या अखत्यारीत असतं तर आत्ता खाली आलो असतो." त्यांचंही चुकत नव्हतं. उपोषणाला बसायला माणूस एकटा पुरतो, पण उठायला समोर कुणीतरी यावं लागतं. हातात पत्र घेऊन, "आता उठा" म्हणायला. हे नानांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी आयुष्यभर अशी पत्रं जाताना पाहिली होती. त्यांना बहुतेक वाटलं होतं की आपलंही येईल.

बुधवारी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. नानांना मधुमेह. "साखर खाली चाललीय. उद्या उचलून न्यावं लागेल." मी नानांना हात जोडले. रडले, भांडलेसुद्धा. "कुणी ढुंकून बघत नाही तुमच्याकडे, कशासाठी जीव देताय?" असं भर रस्त्यात ओरडले. ते म्हणाले, "पोलिसांनी उचलून नेलं तर मी दवाखान्यातही खाणार नाही. पण लेखी दिलं तर उठेन. एवढंच आहे माझं." ते हट्टी होते, आणि तो हट्ट असा की समोरच्याला धरायला कुठे जागाच नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. मग माझा धीर सुटला.

माझ्याबरोबर शिकलेला एक जण दुसऱ्याच एका खात्यात लिपिक आहे. मी त्याच्या कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिले. ऐकून तो पांढराफटक पडला. "अगं, माझी नोकरी जाईल." मी म्हणाले, "माझे वडील जातील." तो मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला. मग म्हणाला, "शिक्का मारणार नाही. कुणाचं नाव घालणार नाही. सही वाचता येणार नाही अशी करीन. आणि फोटो नको."

कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी पत्र टाईप करून घेतलं. "आपल्या मागण्या वरिष्ठ स्तरावर सादर करण्यात आल्या असून त्यावर उचित कार्यवाही करण्यात येत आहे. तरी आपण उपोषण मागे घ्यावे, ही विनंती." ही भाषा मला कुणी शिकवावी लागली नाही. खऱ्या पत्रातही यापेक्षा जास्त काही नसतं, असं मी स्वतःला समजावलं. बाहेरच्या गाड्यावरून मोसंबीचा रस घेतला.

माझा मित्र गळ्यात ओळखपत्र उलटं अडकवून आला. नानांपुढे वाकला, "आजोबा, साहेबांनी पाठवलंय," म्हणाला. नानांनी चष्मा मागितला. पत्र हातात घेऊन वाचलं. मग कागद जरा दूर धरून पुन्हा वाचलं. वरचा उजवा कोपरा बघितला, खालची सही बघितली, त्या पोराकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग माझ्याकडे बघितलं. मी ग्लास धरून उभी होते. त्यांनी पत्राची व्यवस्थित चौपदरी घडी घातली, खिशात ठेवलं आणि हात पुढे केला. रस पिताना त्यांच्या गळ्याची हाडं वर-खाली होताना मी पाहत होते. मला हायसं वाटलं. दुसरं काहीसुद्धा वाटलं नाही.

मी त्यांना माझ्या घरी आणलं. सावेडीतल्या डॉक्टरांचं औषध सुरू केलं, मऊ भात, मुगाचं वरण. आठवड्याभरात ते चालायला लागले. मधल्या काळात एका स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, लेखी आश्वासनानंतर ज्येष्ठ नागरिकाचे उपोषण मागे. कुणी दिली ती बातमी, आजही ठाऊक नाही. गावात ती फिरली आणि वाचनालयाने सत्कार ठरवला. शाल, नारळ, भाषणं. एका वक्त्याने सांगितलं की एकट्या माणसाने सरकारला झुकवलं. नाना खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. मला वाटलं, संकोच वाटत असेल. बोलायला उभं केलं तर फक्त "आभारी आहे" म्हणाले. परतीच्या एसटीत त्यांनी शाल माझ्या पिशवीत कोंबली आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर वर्तमानपत्र त्यांच्या हातात मी पाहिलं नाही. मी विकत आणायचे, ते घडीही मोडायचे नाहीत. सरकारचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. मी समजत होते, अशक्तपणा आहे, जाईल.

पावसाळ्याच्या तोंडाला गावाकडून चार बायका आणि एक गृहस्थ घरी आले. निराधारांना महिन्याला मिळतात ते पैसे, ज्यांना त्या पगार म्हणतात, तीन महिने आले नव्हते. सोमवारी त्या कचेरीसमोर उपोषणाला बसणार होत्या. मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

"नाना, तुमी आमच्या संगं बसा," त्यांतली थोराड बाई म्हणाली. "तुमचं वजन हाय. तुमाला सरकारनं लेखी देलं, आमाला कोन इचारतंय?"

"मला आता बसता येत नाही."

"बसू नका मग, नुसतं येऊन उभं ऱ्हावा. न्हाई तर ते पत्र तरी दावा. कसं लिव्हत्यात ते बघून आमी बी तसंच मागू."

नाना म्हणाले, "ते पत्र कुठेतरी हरवलं हो. सापडत नाही."

मी गॅस बारीक करून कान दिला. चाळीस वर्षांपूर्वीची माझ्या बालवाडीच्या फीची पावती ज्यांच्या फाईलमध्ये आहे, ते पत्र हरवलं म्हणत होते. बायका चहा पिऊन उठल्या. दारातून जाताना एक दुसरीला हळूच म्हणाली, "म्हातारा भ्याला." ते नानांनीही ऐकलं.

त्या गेल्यावर मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "नाना, पत्र कुठे आहे?"

"जाळलं. कुणाच्या हातात पडलं असतं तर त्या पोराची नोकरी गेली असती. तुझीही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"हातात घेतल्या घेतल्या. जावक क्रमांक नव्हता." मग म्हणाले, "एवढं शिकवलं तुला, ते राहिलंच."

मला रडू आवरेना. "मग प्यायलात कशाला?"

"चार दिवस वाट बघितली गं मी. कुणीतरी उठा म्हणायला हवं होतं. दुसरं कुणी आलंच नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू काही चूक केली नाहीस. पण आता त्या बायकांबरोबर कुठल्या तोंडाने बसू? त्यांना वाटतं, तिथे बसलं की मिळतं. माझ्याकडे बघून वाटतं."

मी त्यांचा जीव वाचवला, असं डॉक्टर म्हणाले होते. खरंही असेल. पण त्या कागदाने मी त्यांचं तोंड कायमचं बंद केलं होतं. खरं सांगावं तर लेक आणि तिचा मित्र अडकणार. खोटं चालू ठेवावं तर लोक त्या खोट्यावर भरवसा ठेवून रस्त्यावर बसणार. त्यांच्यापुरती त्यांनी वाट काढली होती, भित्रा म्हणवून घ्यायची.

सोमवारी मी शाळेत जाताना त्यांचा चहा झाकून गेले. परत आले तर कप तसाच, वर साय धरलेली. पोळ्यांचा डबा उघडलेला नव्हता. नाना आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. "जेवला नाहीत?" मी विचारलं. "भूक नाही," म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं. ज्या कचेरीसमोर त्या बायका बसल्या होत्या, ती तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होती.

संध्याकाळी गावाकडच्या एकीला फोन लावला. बायका अजून बसल्या होत्या, कुणी आलं नव्हतं. नाना माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, "कुणी आलं नाही." त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. जेवा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.