कोनरादच्या घंटा

ब्रेझ्ये गावात तिल्का हॉइनिकच्या कानाला सगळे वचकून असत. तोंडालाही असत, पण कानाला जास्त. पुस्ताच्या दिवसांत, म्हणजे उपवासाचा महिना लागण्याआधी, थंडीला पळवणाऱ्या कुरेंताचं सोंग घेऊन मंडळाचे गडी रस्त्यावर उतरायचे. अंगावर मेंढीचं केसाळ कातडं, डोक्यावर शिंगांचा टोप, तोंडावर लाल जीभ लोंबणारा चामड्याचा मुखवटा. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. सख्ख्या बायकोला नवरा ओळखू यायचा नाही. तिल्का मात्र रस्त्याकडे पाठ करून बटाटे सोलता सोलता सांगायची, "पुढं स्लाव्को आहे. त्याच्यामागं तो लोहाराचा फेंगडा. आणि तिसऱ्यानं काल जरा जास्तच ढोसलीय." कमरेच्या साखळीला पाच घंटा. ज्याच्या त्याच्या घंटा वेगळ्या, ज्याची त्याची उडी वेगळी. तिला ते कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखं ऐकू यायचं.

हा कान काही जन्मजात नव्हता. ठेच लागून आलेलं शहाणपण होतं ते. वरच्या द्राक्षमळ्यांच्या डोंगरातली ती पोर, पुस्ताला मावशीकडे आलेली, आणि मनात भरलेल्या गड्याला पोरी बांधतात तसा तिनं एका कुरेंताच्या हातातल्या सोट्याला आपला रुमाल बांधला. तिचा अंदाज असा, की आत गिरणीवाल्याचा देखणा पोरगा आहे, मोटरसायकलवाला. कुरेंतानं वाइन प्यायला टोप उचलला तर आतून निघाला सुताराचा कोनराद, सुपाएवढ्या कानांचा आणि लाजून लाल झालेला. दिलेला रुमाल परत मागायची रीत नाही. तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि त्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नाही. हे तिनं कोनरादला मात्र एकदाही सांगितलं नाही. माणूस चढून बसतो, म्हणायची.

कोनराद गेला तो पुस्ताच्याच रविवारी. शेजारच्या ग्राबरच्या अंगणात मंडळ नाचत होतं आणि नाचता नाचता तो जमिनीवर पडला, गडगडत लोळला. कुरेंत शेतकऱ्याच्या अंगणात लोळला की त्या वर्षी सलगम जाड होतात, ही इथली श्रद्धा. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्राबरची म्हातारी ओरडली, "अजून लोळ रे, लेकरा, अजून!" तिल्काही कुंपणाशी उभी राहून हसत होती. टोप काढेपर्यंत उशीर झाला होता. त्या टाळ्या तिच्या कानातून पुढं कधीच गेल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड होता, असलं रक्तातून उतरतं, मुलाला तपासून घ्या. मुलगा ब्लाझ सुतारकीत बापाचा हात धरूनच वाढलेला. तपासलं तर त्याच्यातही तेच निघालं. तिल्कानं त्या दिवशी घरी येऊन कोनरादच्या घंटा माळ्यावरच्या पेटीत टाकल्या, कुलूप ठोकलं आणि ब्लाझला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कधी कुरेंत होणार नाही. मुलगी नेझ्का तेव्हा मारिबोरला बस चालवायला शिकत होती. तिचा या सगळ्याशी संबंध काय?

तेव्हापासून पाच वर्षं मंडळ तिच्या फाटकासमोरून मुकं जायचं. सुतकाच्या घरापुढं कुरेंत घंटा हातांनी धरून चालतात. सुतक खरं तर वर्षाचं, पण तिल्काचं संपतच नव्हतं. यंदा जानेवारीत मंडळाचा म्होरक्या स्लाव्को टोपी हातात घेऊन आला.

"तिल्का, आता वाजवू दे की गं. कोनरादलासुद्धा हे आवडलं नसतं."

"कोनरादला काय आवडायचं ते मला शिकवतोस? लोळला तेव्हा तू त्याच्या शेजारीच होतास ना?"

स्लाव्कोनं टोपी डोक्यावर चढवली. लागट बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तो जाताना एवढंच पुटपुटला, की मंडळात या वर्षी एक नवीन माणूस उभा राहतोय आणि त्याला ना म्हणता आलं नाही. तिल्कानं तिकडं लक्ष दिलं नाही. ते तिनं द्यायला हवं होतं.

पुस्ताचा रविवार उजाडला. ब्लाझ म्हणाला, "प्तुयला जातो, मोठी मिरवणूक बघायला." तिल्कानं जर्दाळूचा मुरंबा भरून थोडे क्रोफ, म्हणजे पुस्ताचे गोड वडे, तळले, कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. दुपारी नदीकडून घंटा ऐकू यायला लागल्या. ती सवयीनं ओळखत गेली. हा स्लाव्को. हा फेंगडा. आणि मग तिच्या हातातली झाऱ्याची दांडी थांबली. त्या घोळक्यात एक घंटा चिरकी वाजत होती. चिरा गेलेली, दोन सुरांमध्ये अडकलेली. तशी घंटा या पंचक्रोशीत एकच होती, कोनरादची.

ती माळ्यावर धावली. कुलूप जागेवर होतं, पण पेटीच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मागून काढून परत बसवलेले दिसत होते. सुताराच्या घरचं काम. तिनं पेटी हलवली, आत काही वाजलं नाही.

"ब्लाझ," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, रिकाम्या माळ्यावर. "अरे गाढवा, शपथ घेतली होतीस तू."

ती खाली येईस्तोवर ते फाटकापाशी पोचले होते. दरसालप्रमाणे स्लाव्कोनं घंटा हातात धरल्या, मागच्यांनीही धरल्या. एकानं धरल्या नाहीत. चिरक्या घंटेवाला वळला आणि सरळ अंगणात शिरला. आता मंडळातला एक गडी अंगणात गेला की सगळ्यांनी जायचं, हा नियम. मंडळापुढं एक गडी सैतानाचं लाल सोंग घेऊन नाचतो, त्या सैतानानं फाटक सताड उघडलं आणि सगळी केसाळ गर्दी तिच्या दारात येऊन उड्या मारू लागली. दारापुढची जमीन हादरत होती.

ती त्याच्याकडे धावली. "थांब! ब्लाझ, थांब! मेल्या, तुझं काळीज!" पण मुखवट्याआड घंटांच्या गदारोळात स्वतःचा श्वास ऐकू येत नाही, तिथं आईचं काय ऐकू येणार! मुखवटा चढवलेला कुरेंत बोलत नाही, आणि त्याला रस्त्यात कुणी उघडं करत नाही. तिनं टोपाला हात घातला तर सैतानानं तिला नाजूकपणे बाजूला केलं. त्याला वाटलं, बाई रंगात आली.

हे थांबवायचा एकच मार्ग होता आणि तो ब्रेझ्येतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. घरधनिणीनं कुरेंताच्या पायाशी मातीचं भांडं फोडायचं. भांडं फुटलं, की घराला वर्षाचं आरोग्य मिळालं, नाच संपला. फुटत नाही तोवर ते नाचतच राहणार, नाहीतर घराचा अपमान. दर घरात पुस्ताआधी बाजारातून एक स्वस्तातलं मडकं आणून ठेवतात. तिल्कानं पाच वर्षांत आणलं नव्हतं. कशाला आणायचं?

तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती अशी. तिनं कपाटं उघडली. काच. काच फोडणं म्हणजे अपशकुन ओढवून घेणं. पत्रा. प्लास्टिक. ती मागच्या दारी जाऊन कुंपणावरून ओरडली, "रोझा! मडकं दे, लवकर!"

ग्राबरची सून रोझा खिडकीतून म्हणाली, "एकच आहे गं, आमच्याकडं आत्ता येतीलच ना ते. आणि तुला कशाला—"

"मरू दे तुझं मडकं!"

पुढच्या अंगणात टाळ्या वाजल्या.

तिल्का कुंपण सोडून घरातून धावली. ती दारात आली. चिरक्या घंटेवाला जमिनीवर होता. या अंगावरून त्या अंगावर लोळत होता आणि लोक फाटकाशी हसत होते, टाळ्या पिटत होते. आणि कुणीतरी ओरडलंसुद्धा, "अजून, अजून!" लोळतोय की तडफडतोय? पाच वर्षांपूर्वी तिला ते कळलं नव्हतं. आजही कळेना. एवढा मोठा कान, आणि ऐन वेळी काही उपयोगाचा नाही.

चुलीवरच्या फळीवर तिच्या आईचा पोतित्साचा, म्हणजे सणासुदीच्या गोड पावाचा, साचा होता. मातीचा, आत हिरवी झिलई, मधोमध नळी. लग्नाची, बारशाची, नाताळची अक्रोडाची पोतित्सा तिच्या घरात त्यातच भाजली गेली होती, आणि कोनरादच्या मयतानंतरच्या जेवणालाही. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, बाहेर आली आणि त्या लोळणाऱ्या कातड्याजवळच्या दगडावर जीव खाऊन आपटला.

घंटा थांबल्या. एकदम थांबल्या. लोळणारा तसाच पडून राहिला. तिल्का खापऱ्यांत गुडघ्यांवर बसली, रीतभात गेली खड्ड्यात, आणि तिनं टोप दोन्ही हातांनी उपसला.

आतून केसांचा ओला शेपटा बाहेर पडला. घामानं डबडबलेली, लालबुंद, धापा टाकणारी नेझ्का तिच्याकडे बघून हसत होती.

तिल्कानं टोप बाजूला टाकला. तिनं मान वळवली. फाटकाशी अंड्यांची टोपली हातात घेऊन, तोंडाला काजळी फासलेला ब्लाझ उभा होता. मंडळात असा एक गडी लागतोच, घरोघरची अंडी-सॉसेज गोळा करणारा. त्याला उडी मारावी लागत नाही.

"शपथ मोडली नाही मी," तो लांबूनच म्हणाला. "फक्त स्क्रू काढले."

तिल्कानं मुलीच्या छातीला कान लावला. लोकरीतून काही ऐकू येईना. ती कातडं ओरबाडायला लागली.

"आई, बरी आहे मी. आई! तपासून घेतलंय." नेझ्कानं तिचे हात धरले. "बसच्या लायसन्सला गेले तेव्हाच सगळं करून घेतलं. एकटी गेले होते. माझ्यात नाहीये ते."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? ब्लाझला घेऊन तू तीन दवाखाने हिंडलीस. बाबा माझेपण होते ना गं."

स्लाव्को टोप काखेत धरून जमिनीकडं बघत होता. तिल्काला लाज वाटली. भीती ओसरल्यावर खाली राहिली ती निव्वळ लाज. पाच वर्षं तिनं एका लेकराच्या काळजावर कान लावून ठेवला होता, आणि दुसऱ्याला काळीज असतं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"एक कानाखाली वाजवीन," ती म्हणाली, आणि तिनं मुलीला कातड्यासकट मिठी मारली. मग डोक्यावरचा रुमाल सोडला आणि नेझ्काच्या सोट्याला बांधला. गाठ दोनदा मारली.

"आता ग्राबरकडं ना?"

"हो."

"तिथं लोळू नकोस. एवढं ऐक माझं."

नेझ्कानं टोप चढवला आणि मुखवटा चढवलेला कुरेंत उत्तर देत नाही.

ती लोळली. ग्राबरच्या अंगणात, अगदी त्याच जागी, मनसोक्त लोळली. तिल्का उघड्या डोक्यानं कुंपणाशी उभी होती. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या, आणि ती चिरकी घंटा पुन्हा उभी राहून वाजायला लागेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.