फुलटाइम भैयांचा दुसरा हाफ

आमचं वेगळं राज्य झाल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, शहराबाहेर उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या मैदानावर फुटबॉलच्या कामगार चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा गोल झालेला नव्हता. वर्तमानपत्रांचे सगळे फोटोग्राफर कॅमेरे बॅगेत घालून बाहेर पडले. एकच जण थांबले. ते नेहमीच थांबत, म्हणून आमच्यात त्यांचं नाव फुलटाइम भैया पडलं होतं.

आम्ही बाकीचे हौसेने निघून जात नव्हतो. मोठ्या पेपरांची लांब बस्तरात, जगदलपूरकडे जाणारी आवृत्ती आधी छापली जाई. तिच्यासाठी रोल ऑफिसात नेऊन धुवायचा, प्रिंट काढायची आणि पान छपाईला सोडायचं. त्यामुळे सामन्यातलं जे मिळेल ते पहिल्या हाफात. भैयांचा पेपर छोटा. एकच शहर आवृत्ती, मागच्या खोलीत छपाई. तो पेपर त्यांच्यासाठी पान थांबवून धरी. माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता, कॅमेरा नवा होता, पेपर निम्म्या राज्यात जात होता. हेवा मला त्यांच्या थांबलेल्या पानाचा वाटे.

पहिल्या हाफात ते एकही फोटो काढत नसत. गोलपोस्टच्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून मुर्रा, म्हणजे मुरमुरे, खात बसत. आभाळात उजेड असेपर्यंत बॅगेची चेन उघडत नसत. पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांमागे सूर्य गेला, चारही टॉवरचे दिवे पांढरे झाले, की ते हात झटकून रोल भरत. नेमकं त्याच वेळी आम्ही निघत असू.

"निघा, निघा," ते म्हणत. "बस्तरची गाडी वाट पाहून राहिली तुमची."

एकदा मी म्हणालो, "भैया, फोटो आम्हीही काढतो."

"काढतो ना. तू संध्याकाळचे काढतो, मी मॅचचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर ते दुसरा हाफ सांगत. मी कधीच न पाहिलेल्या खेळाडूंच्या चुका, शिव्या, गोल. सांगण्यात दया नसे. "तू गेटाबाहेर पडला अन् कॉर्नर भेटला," अशी सुरुवात करत. मी लक्ष नसल्यासारखं करी आणि शेवटपर्यंत ऐकत असे.

त्या अंतिम सामन्याच्या दिवशी मी दुपारीच क्रीडा डेस्कच्या प्रमुखांना विचारलं होतं, आज शेवटपर्यंत थांबू का. ते मान वर न करता म्हणाले, "बस्तर की गाड़ी तेरे गोल के लिए रुकेगी क्या?" मी मध्यंतराला निघालो. बीरगांवच्या वळणावर ट्रकांमागे अडकलो असताना मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला. तो गोल होता.

सकाळी भैयांच्या पेपरात त्या गोलाचा फोटो होता. गोलकीपर हवेत आडवा, चेंडू त्याच्या बोटांच्या पुढे, आणि खाली मैदानावर चार दिव्यांनी पाडलेल्या त्याच्या चार सावल्या. फोटो थोडा हललेला होता. मी तो दोष शोधून काढला आणि टपरीवर सर्वांना दाखवला.

"हललाच आहे," भैया म्हणाले. "मीच हललो. गोल झाला ना. तुझ्या फोटोतले पोट्टे कसे, पुतळ्यावानी उभे राहतात."

राजधानी झालेल्या आमच्या शहरात बाहेरचे पेपर आले. भैयांचा पेपर विकला गेला. नव्या मालकांनी जिल्हा आवृत्त्या सुरू केल्या आणि खेळाचं पान आधी मागितलं. भैया तरीही थांबत राहिले. सलग काही सामन्यांना त्यांचा फोटो उशिरा पोचला आणि त्या जागेवर प्लॉटची जाहिरात छापली गेली. मग त्यांना सामन्यांना पाठवणं बंद झालं. त्यांनी नोकरी सोडली आणि चौबे कॉलनीत पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलं.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसने मला डिजिटल कॅमेरा आणि लॅपटॉप दिला. फोटो मैदानावरून पाठवता येऊ लागला. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबणार होतो. सामना पुन्हा कामगार चषकाच्या अंतिम फेरीचा होता. भैया आले, रिकाम्या हातांनी, आणि माझ्या शेजारी बसले.

दुसरा हाफ सुरू झाला. डेस्कवरून फोन आला, पहिल्या हाफचे फोटो आधी पाठव. एकेक फोटो जायला वेळ लागत होता आणि मध्येच लाइन तुटत होती. मी मांडीवरच्या पडद्यावर सरकणारी पट्टी पाहत होतो. समोर सामना चालू होता.

"काहून थांबला तू?" भैयांनी विचारलं. "ह्याच्यापेक्षा घरी जाऊन बस."

"पाठवावं तर लागेल ना भैया."

"पाठव. पोस्टमनचं काम कर तू. कॅमेरा दे इकडं."

मी दिला. बटणं कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. ते गुडघ्यावर सरकत पोस्टच्या आणखी जवळ गेले. थोड्या वेळाने गर्दी उठली. मी मान वर केली तेव्हा चेंडू जाळ्यात होता आणि भैया कॅमेरा डोळ्याला लावून मैदानावर पोटावर पडलेले होते. कॅमेरा परत देताना म्हणाले, "बघ, गोल फोटोत बसला काय."

बसला होता. मी तो पाठवला आणि डेस्कला फोन करून सांगितलं की फोटो त्यांचा आहे, नाव त्यांचं लावा. पलीकडून उत्तर आलं, "बाहर वाले का नाम नहीं जाता." सकाळी फोटो पहिल्या पानावर आला. खाली माझं नाव होतं.

मी अंक घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. एका विद्यार्थ्याला स्टुलावर बसवून त्याची हनुवटी ते सरळ करत होते. अंक त्यांनी काउंटरवर पसरला, चष्मा वर करून फोटो जवळून पाहिला, नाव वाचलं.

"मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणालो.

"हव." ते पुन्हा फोटोकडे पाहत राहिले. "तुझा लेन्स चांगला आहे. आमच्या वेळी भेटला असता तर तुमची खैर नव्हती." मग त्या मुलाला म्हणाले, "पापणी नको हलवू."

पुढच्या हिवाळ्याआधी त्या मैदानावर गोदाम उभं राहिलं. कामगार चषक पुन्हा झाला नाही. भैया दुकान बंद करून मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले. ऑफिसच्या संग्रहात उरल्याच्या मैदानावरच्या दुसऱ्या हाफचा माझ्या नावाने एक फोटो आहे. तो त्यांनी काढलेला आहे.