कागदावरचा भाचा

अद्दोलोराता काकू इटलीतल्या तारांतो शहरात सात इमारतींचे जिने पुसते. वय त्रेसष्ट, नवरा गेलेला, मूल नाही. ईस्टरनंतर मालकाने भाडं वाढवलं. आता पालिकेची भाडेमदत मिळाली तर राहायचं, नाहीतर घर सोडायचं. अर्ज संगणकावर भरायचा, म्हणून ती वरच्या मजल्यावर माझ्याकडे आली.

मी तिचा कुटुंबाचा दाखला उघडला. त्यात दोन नावं.

"काकू, हा कोझिमो तुमच्याकडे राहतो?"

"छे! माझ्या भावाचा मुलगा. बायको-पोरांसोबत समुद्राकडे राहतो. खाली त्याचं चष्म्याचं दुकान आहे ना? इथला रहिवासी असला की गाडी फुकट लावता येते. नावानं काय जागा अडते?"

अडली होती. एका पत्त्यावरचे नातेवाईक म्हणजे एक कुटुंब. कोझिमोची कमाई धरली की जिने पुसणारी काकू मदतीच्या उत्पन्नमर्यादेच्या तिप्पट श्रीमंत निघत होती.

"मग लिही, तो इथे कधीच राहिला नाही."

"पण त्याचं नाव नोंदवताना पोलीस घर तपासून गेला असेल ना?"

काकू ओशाळली. "गेला. मी पलंगाशी कोझिमोच्या सपाता मांडल्या होत्या. म्हटलं, साहेब, पोरगा असा घोरतो की भिंती हलतात. सहीसुद्धा केली."

ती सही खोटी म्हणायची तर गुन्हा. एकच वाट होती: आपण इथून राहायला गेलो, असं कोझिमोने स्वतः कळवायचं. काकूने लगेच फोन लावला.

"आत्या, मग गाडी लावू कुठे? डोक्यावर?"

"शुक्रवारी मुदत संपतेय रे."

"पुढच्या वर्षी भर की. सरकार काय पळून जातंय?"

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "चांगलं खडसवायचं होतंत."

"आणि उद्या मी पडले तर दवाखान्यात कोण नेईल? तू?"

मी संगणक बंद केला. शुक्रवार गेला.

सप्टेंबरात काकू घर सोडून बहिणीच्या गावी राहायला निघाली. तिथली पहिली बस इथे नऊला पोचते, जिने त्याआधी पुसलेले लागतात. सातातल्या पाच इमारती सुटल्या. कोझिमोने दुकान बंद ठेवून तिचं कपाट पाठीवरून चार मजले खाली उतरवलं. काकू दारादारात निरोप घेत सांगत होती,

"बघा, असा भाचा मिळायला नशीब लागतं."