दिनू अजून आत आहे

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा तो माझ्या संगणकात होता. हे वाक्य वाचून कुणाला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण खरंच तसं होतं. समोरच्या पडद्यावर दोन नावं दिसत होती, एक माझं आणि एक त्याचं, आणि त्याच्या नावापुढे लिहिलं होतं की हा आत आहे. फोनवर दिनूच्या बायकोचा, शैलावहिनींचा भाऊ सांगत होता, "सर, दिनूदाजी गेले हो... दुपारीच, खुर्चीत बसल्या बसल्या." मी ऐकत होतो पडद्याकडे बघत. दिनूने अर्धवट टाइप केलेली ओळ तिथे तशीच होती. पाच अक्षरं, आणि त्यांच्यापुढे ती उभी रेघ उघडझाप करत होती.

दिनू मूळचा सटाण्याकडचा. सातपूरच्या एका कारखान्यात मशिनांची दुरुस्ती करण्यात त्याचा जन्म गेला आणि निवृत्तीनंतर त्याने लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. कुणाचा जुना, धापा टाकणारा संगणक दिसला की त्यावर तो लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली बसवून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही, चहा मात्र दोनदा घ्यायचा. माझा लॅपटॉप मी भंगारात काढणार होतो, तो त्याने असाच जिता केला. पुढे काही अडलं तर तो गंगापूर रोडच्या आपल्या घरी बसून माझ्या पाथर्डी फाट्याच्या घरातल्या संगणकात शिरायचा. शिरण्याआधी फोन करून "येऊ का मास्तर?" असं विचारल्याशिवाय मात्र कधीही नाही. किल्ली त्याच्याकडेच होती, तरी विचारायचा. मी "ये" म्हणालो की माझ्या पडद्यावर त्याची अक्षरं आपोआप उमटू लागायची. दोघांना एकच पडदा दिसावा अशी सोय त्याने करून ठेवली होती, म्हणजे मास्तरांना काहीतरी शिकता येईल! चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला तो शिकवणार... पण मी शिकलो, हे कबूल करतो.

दूर बसून दुसऱ्याचं वायफाय दुरुस्त करण्यात एक गंमत आहे. ज्या वाटेने आपण आत आलो, तीच वाट खणायची असते. एकदा दिनूने बहिणीच्या कळवणच्या घरातलं वायफाय नाशकात बसून बंद केलं, आणि बंद झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पुन्हा चालू करायला आता आत जायची सोयच राहिली नाही. बहीण गावाला गेलेली, शेजारणीला संगणकाची भीती. हा बहाद्दर एसटीने कळवणला गेला, शेजारणीकडून कुलपाची किल्ली घेतली, एक बटण दाबलं आणि परत आला. वर आपल्या अहिराणीत मला म्हणाला, "मास्तर, बसलो तीच फांदी तोडणारा मीच शे!" त्या दिवसापासून त्याने एक नेम केला. कुणाच्याही वायफायला हात लावण्याआधी तो त्या संगणकाला सांगून ठेवायचा की दहा मिनिटांनी सगळं होतं तसं कर. काम नीट झालं की तो हुकूम स्वतः रद्द करायचा. नाही झालं, आपणच बाहेर फेकले गेलो, तर दहा मिनिटांनी संगणक आपला आपण पूर्वपदावर. "विहिरीत उतरायचं तर आधी कमरेला दोर," असं तो म्हणायचा.

तो गेला त्या दुपारी चार वाजता मीच त्याला फोन केला. वायफाय दर पाच मिनिटांनी तुटत होतं आणि साडेचारला नातीचा व्हिडिओ कॉल येणार होता. "काय व्हयनं मास्तर?" म्हणाला. मी रडगाणं सांगितलं. "तुझं वायफायचं कार्ड तुझ्यासारखंच आहे, वीज वाचवायला म्हणून जेवण झालं की पेंगतं. येऊ का?" मी म्हणालो, "ये, पण लवकर आटप." टाइप करता करता त्याने सांगितलं की सकाळपासून पित्त खवळलंय, छातीत जळजळतंय. मी म्हणालो, "मिसळ कमी खा." हे माझे शब्द आहेत, ते मी बदलू शकत नाही. मग तो म्हणाला, "दोर बांधला. आता कार्डाची झोप मोडतो." वायफाय गेलं, आलं. पडद्यावर पाच अक्षरं एकेक करून उमटली आणि थांबली. फोनवर सामसूम. दिनूचं हे नेहमीचंच होतं, विचारात पडला की पाच-पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी दोनदा विचारलं, "ऐकतोयस ना?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. "झालं की सांग," म्हणालो आणि वैतागून फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने वायफाय पुन्हा एकदा गेलं आणि परत आलं. मला वाटलं, याने काम उरकलं. नातीचा कॉल मध्ये दोनदा तुटला, पण झाला. मी दिनूला मेसेज टाकला, "झालं रे, गुरू आहेस!" त्यापुढच्या बरोबरच्या दोन खुणा निळ्या झाल्या नाहीत.

दहाव्यानंतर धीर करून मी संगणकातली नोंद उघडून वाचली. ती वाचायला त्यानेच शिकवलं होतं. चार वाजून सात मिनिटांनी दोर बांधला होता. चार सतराला संगणकाने सगळं होतं तसं केलं, कारण हुकूम कुणी रद्द केला नव्हता. ती पाच अक्षरं रद्द करण्याच्या हुकुमाचीच सुरुवात होती. माझ्या फोनची यादी सांगत होती की मी फोन ठेवला चार बाराला. म्हणजे मी ज्याला काम समजलो, ते काम करणारं तिथे कुणी नव्हतं. त्याच्या दोराने मला वर काढलं आणि तो खाली राहिला. मी आणखी मिनिटभर फोन धरला असता, ओरडलो असतो, वहिनींना हाक मारली असती तर... हा विचार मला जेवताना येतो, अंघोळीला येतो. त्या दिवसापासून मी संगणक बंद केलेला नाही. वहिनींनी त्याचं टेबल आणि त्यावरचा चालू संगणक तसाच ठेवला होता आणि त्याची जोडणी अशी पक्की, की तुटली तरी आपण होऊन पुन्हा जुळते. त्याचं नाव रोज तिथे असायचं. खोलीत जाताना मी चपला बाहेर काढू लागलो होतो, का ते विचारू नका.

आणि एका गुरुवारी, भर दुपारी, मी समोर बसलेलो असताना ती ओळ पुढे सरकली. आधी एक अक्षर आलं. मग काही नाही. मग एकच अक्षर दहा-पंधरा वेळा, सलग, कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखं. मी म्हणालो, "दिनू?" पुन्हा दोन अक्षरं उमटली. मी त्याच्या घरी फोन लावला, आणि खरं सांगतो, कोण उचलेल याची मला खात्री नव्हती.

"बोला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "टेबल पुसायला घेतलंय. इतके दिवस हात लावला नव्हता, केवढी धूळ बसली होती त्या बटणांवर!"

मी रडलो. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगून टाकलं. फोनवर मी होतो, तो गप्प झाला आणि मी फोन ठेवला. मला वाटलं, आता या फोन ठेवतील.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "स्पीकर चालू होता ना. मी चहा घेऊन दारात उभी होते. तुम्ही विचारत होतात, ऐकतोयस ना म्हणून... मला त्यांची पाठ दिसत होती. म्हटलं, कामात आहेत, मध्ये बोलायला नको. पाय न वाजवता चहा परत घेऊन गेले मी."

मग त्यांनी विचारलं, "मी पुसताना त्यांचं काही बिघडवलं का?" मी म्हणालो, नाही. वहिनींच्या फडक्याने उमटलेली अक्षरं मी मागून एकेक खोडत गेलो, मोजत, एखादं जास्त जाईल या भीतीने घामाघूम होत. "किती राहिली?" त्यांनी विचारलं. पाच, मी म्हणालो. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

आता दर गुरुवारी दुपारी वहिनी टेबल पुसतात. इथे अक्षरं उमटतात, मी ती खोडतो, पाच उरली की थांबतो आणि त्यांना फोन करतो. बोलण्यासारखं फारसं नसतं. त्या गप्प झाल्या तरी मी ऐकत राहतो. फोन आधी त्याच ठेवतात.